याम्केला कुठल्या बाजूनं बोलली

५ ऑगस्ट २०१९

माझी याम्केला वादविवाद स्पर्धेच्या अंतिम फेरीत! म्दांत्सानेतल्या आमच्या काळ्यांच्या वस्तीच्या शाळेतली पोरगी, टेकडीवरच्या गोऱ्यांच्या श्रीमंत शाळेविरुद्ध — आणि तेही शहरातल्या मोठ्या सभागृहात. वादाचा विषय ऐकून तर मी उडालोच. 'काळ्यांच्या आजच्या गरिबीला मुख्यतः जुना अन्याय जबाबदार आहे.' म्हणजे आमच्या घरचाच विषय! गोऱ्यांच्या सरकारनं ईस्ट बँक वस्तीतल्या राहत्या घरातून माझ्या वडिलांना उठवलं, सामानासकट ट्रकमध्ये घातलं आणि इथे आणून टाकलं. ती मांडीवर होती तेव्हापासून हे तिला सांगत आलोय. तिला पाठांतर कशाला लागतंय?

कारखान्यात रंगखात्यातल्या प्रत्येकाला सांगून झालं. गल्लीत दारोदार जाऊन आलो. शेजारच्या झोलिलेची मिनीबस चोवीस तारखेसाठी ठरवून टाकली. सगळी गल्ली नेणार.

८ ऑगस्ट

घात झाला. कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते नाण्यावर ठरतं म्हणे. ते आज उडवलं. चहा पिता पिता याम्केला म्हणाली, "ताता, आपल्याकडे विरोधी बाजू आहे."

विरोधी म्हणजे? म्हणजे जुना अन्याय आता कारण राहिला नाही, दोष आपल्याच माणसांचा, असं माझी मुलगी भर सभेत म्हणणार. आणि आमची बाजू मांडणार कोण, तर रुआन नावाचा एक गोरा मुलगा. चहा तसाच ठेवून मी उठलो.

९ ऑगस्ट

सुट्टी. दिवसभर भांडण. मी म्हटलं, नाव काढून घे, आजारी आहे म्हणून सांग. ती म्हणाली, "खोटं बोलू?" मी म्हटलं, "तिथे जाऊन काय खरं बोलणार आहेस?"

तिची आई मध्ये पडली. "गल्लीला आवतण तिनं दिलं होतं की तुम्ही? तुमचं नाक वाचवायला पोरीनं घरी बसायचं?" झालं. दोघी एका बाजूला.

११ ऑगस्ट

आज स्वयंपाकघरात याम्केला म्हणाली, "ठीक आहे ताता. तुम्ही रुआन व्हा. मला हरवा. हरले तर नाव काढून घेते."

मी बाह्याच सरसावल्या. जमीन घेतली, घर घेतलं. चांगली कामं गोऱ्यांसाठी राखून ठेवली. शाळा अशी दिली की पोरगं मजुरीपलीकडे जाऊच नये. ती कांदा चिरत निमूट ऐकत होती. मग म्हणाली, "कोपऱ्यावरचा सोमाली दुकानदार रिकाम्या हातानं आला. आज त्याची किती दुकानं आहेत?"

"त्याच्या बापाला इथे दुकान काढायची बंदी नव्हती."

"आजोबांना होती. तुम्हाला आहे? गोऱ्यांचं राज्य जाऊन पंचवीस वर्षं झाली, ताता."

"भांडवल कुठून आणू? घर असतं तर त्याच्यावर कर्ज मिळालं असतं. ते घर तर ट्रकनं नेलं!"

"बरं. आणि खुर्चीत बसून खाणारे आपलेच लोक? वर्गावर न येणारे आपलेच मास्तर? ते कुठल्या ट्रकमधून आले?"

तिची आई हसू दाबायला भांड्यात वाकून बघायला लागली. ज्या गोष्टी मी भोगल्या, त्यांच्यावरच या सतरा वर्षांच्या पोरीनं मला गारद केलं! राग तर असा आला की मक्याच्या कण्यांचं ताट तसंच सरकवलं. आणि तरी आत काहीतरी फुगत होतं. अशी जीभ आमच्या घरात जन्माला आली. हरलो मी, आणि ताठ झाली माझीच मान.

नाव काढून घ्यायचं नाही.

१२ ऑगस्ट

झोलिले सकाळी गाडीत सगळ्यांसमोर म्हणाला, "काय गात्येनी, त्या दिवशी मिनीबसमधून गोऱ्यांना न्यायचं का? पोरगी तर त्यांच्याच बाजूची." एरवी कुळाच्या नावानं कुणी हाक मारली की बरं वाटतं. आज नाही वाटलं. म्हटलं, "नाण्याचा कौल आहे. त्यापुढे पोरगी काय करणार? तू पुढे बघून चालव."

१९ ऑगस्ट

ती आरशासमोर बोलत होती. दाराआडून ऐकलं. फार चांगलं बोलते. नको इतकं चांगलं.

२४ ऑगस्ट

रुआन आधी बोलला. म्हणाला, माझ्या आजोबांना स्वस्तात घर मिळालं, ते वडिलांकडे आलं, त्याच्या जोरावर माझी फी भरली जाते. ज्यांना घरातून काढलं त्यांच्या नातवंडांकडे काय आलं? माझी मान आपोआप डोलायला लागली. झोलिलेनं कोपर मारलं — "अरे, आहेस कुणाकडून?" खरंच, मला सांगता आलं नसतं.

मग याम्केला. निळा स्वेटर, शाळेचा टाय. पहिल्या वाक्यालाच पुढच्या रांगा सरसावून बसल्या. आमच्या नोखाया आत्याला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. तिला एवढंच दिसलं की आपल्या रक्ताची पोर भरल्या सभेत उभी आहे आणि गोरे कान देऊन ऐकताहेत. पोरगी ऐन रंगात आली असताना आत्या उठली. जीभ हलवत लांबलचक ललकारी दिली आणि कुळाची नावं सुरू केली — "गात्येनी! मामाली! न्दोंदेला!" मागोमाग आमची सगळी गल्ली उभी. अध्यक्षांनी घंटा वाजवली. आत्याला वाटलं, घंटाही मानाचीच. तिनं आवाज चढवला.

कुळाची नावं चालू असताना त्या कुळातल्या माणसानं मध्ये बोलायचं नसतं. याम्केला खाली मान घालून उभी राहिली. घड्याळ चालूच होतं. आपल्याच माणसांनी पोरीला बुडवलं, असं वाटलं.

आत्या बसली तेव्हा वेळ जेमतेम उरला होता. याम्केलानं मान वर केली. म्हणाली, "ही माझी माणसं. यांना बिचारे म्हणू नका. आपलं बिघडवायची ताकद यांच्यात आहे, म्हणजे घडवायचीही आहे. तेवढंच मला म्हणायचं होतं." आणि बसली.

ढाल रुआनच्या शाळेला गेली. उत्कृष्ट वक्ता — याम्केला! यावेळी कुळाची नावं मी म्हटली, आत्याहून मोठ्यानं. परतीच्या वाटेवर झोलिलेनं सारखा हॉर्न वाजवला. सगळे गात होते.

२५ ऑगस्ट

चर्चमध्ये सगळे येऊन हात मिळवून गेले. एक म्हातारबुवा तेवढे म्हणाले, बोलली छान, पण बोलली काय! त्यांनाही समजावलं — नाणं तसं पडलं, तिचा इलाज नव्हता.

२८ ऑगस्ट

शाळेत तिच्या कोयाना बाई भेटल्या. म्हणाल्या, "धीट आहे हो तुमची मुलगी. नाण्याचा कौल आपल्या शाळेला मिळाला होता. कौल जिंकेल त्यानं बाजू निवडायची असते. तिनं विरोधी निवडली. मी नको म्हणत होते."

घरी आलो. याम्केला अंगणात कपडे वाळत घालत होती. विचारलं, का?

"आजोबांच्या ट्रकबद्दल बोलताना मी रडले असते, ताता. आणि पुढे बसलेले ते तिघं परीक्षक त्या रडण्याला दहापैकी किती, ते लिहिणार. आजोबांचं ते मी कुणाला गुण द्यायला देणार नाही."