डाव्या खांबापाशी कोण?

प्रिय नॉर्मन,

ब्लॅकपूलच्या तुझ्या गेस्टहाउसात पाहुण्यांची झुंबड असेल, तरी कपभर चहा घेऊन हे निवांत वाच. तुझ्या मेव्हण्यानं मला पुरतं कोड्यात टाकलंय.

व्हर्न गावच्या फुटबॉल क्लबचा कोच झाला, हे तुझ्या कानावर असेलच. उभ्या कारकिर्दीत पायांपेक्षा डोक्यानंच चेंडू जास्त मारलेला माणूस, पण कोच म्हणून चांगला निघाला. या हिवाळ्यात मात्र त्याच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलंय. समोरच्यांना कॉर्नर मिळाला की रेषेबाहेरून ओरडून एकेकाला जागा नेमून देतो, गोलच्या उजव्या खांबाला माणूस लावतो आणि डावा खांब मोकळाच! गोल नेमके तिथूनच खातोय. स्टँडातले म्हातारे ओरडतात, "व्हर्न, तिथं काय सासू उभी केलीयस?" आपल्या आईचा असा उद्धार होतो बघ. कॅप्टन विचारतो, "कोच, डाव्या खांबाला कोण?" तर म्हणे, "आहे रे तिथं, तू तुझं बघ!"

मला वाटलं, काहीतरी नवी चाल असेल. चौकशी केल्याशिवाय मला घास उतरत नाही, तुला ठाऊकच आहे. त्याचे बूट पुसताना, बटाटे वाढताना आडून आडून विचारलं. नुसता हसतो. कमिटी मात्र हसत नाही. शनिवारी हरलो तर ती त्याला नारळ देणार, आणि मैदान सुटलं तर हा घरात कोमेजून जाईल.

काल जेवताना सरळच विचारलं. म्हणाला, "नॉर्मन आहे की. तो जागा सोडत नाही." तुम्ही एकत्र खेळायचात तेव्हा कपच्या सामन्यात तू हाच खांब सोडलास म्हणून ज्यानं तुझ्याशी बोलणं टाकलं, तो हे म्हणाला! भांडण विसरला रे, आणि मधली सगळी वर्षंही. डॉक्टर म्हणतात, डोक्यावर झेललेल्या चेंडूंनीच हे केलं असावं. तू डोकं वाचवायचास म्हणून आम्ही तुला भित्रा म्हणायचो. शहाणा तूच निघालास. मला फार भीती वाटते, नॉर्मन. मनातला राग ब्लॅकपूललाच ठेव आणि शनिवारी ये. त्याच्या शेजारी बाकावर बस, आणि समोरच्यांना पहिला कॉर्नर मिळाला की म्हण, "व्हर्न, मी दमलोय, माझ्या जागी दुसरा लाव." माझं नाही, पण तुझं तो ऐकेल.

वाट पाहणारी,
तुझीच बहीण,
मॅव्हिस