आयेच्या चित्रासाठी पेन

आये,

पहिली आली ती तुझी धाकटी जाऊ. आमची काकी. अकराला ये म्हटलं होतं, पावणेदहाला दारात हजर. दहिसरहून बोरिवलीला यायला रिक्षाने लागतो किती वेळ, पण म्हणाली, रस्ता खणलाय म्हणून लवकर निघाले, आणि मग रस्ता खणलेलाच नव्हता. तू गेलीस तेव्हा ही विशीतली नवी सून, घरात येऊन दोन वर्षं झालेली. आता ऐंशीला टेकली, पण तोंड तेव्हासारखंच चालतं. चप्पल काढतानाच म्हणाली, "तुझी लिफ्ट बंद असती ना, तर मी खालूनच परत गेले असते. वहिनी वहिनीच्या जागी." तिच्यामागून आक्का आली घाटकोपरहून. आपल्या चाळीत पलीकडच्या खोलीतली मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तू माझी वेणी घालायला बसलीस की आपलाही कंगवा घेऊन रांगेत बसायची ती. दोन्ही गुडघे बदलून घेतलेत, तरी चालताना अजून कुरकुर आहेच. दोघींना चहा दिला, सुनेने सकाळीच घावणे करून ठेवले होते ते दिले, आणि बसल्या खाटेवर. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुझं तोंड पाहिलेली माणसं आता जगात तीनच उरलीत, आणि तिघी एका खोलीत घावणे खात होतो.

बोलावलं होतं ते तुझ्या चित्रासाठी. चित्र कसलं म्हणशील, तर तुझा एकुलता एक फोटो गेला. मीच घालवला. जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतीला ओल होती, फोटो आतून काचेला चिकटला होता. ही नवी जागा मिळाली तेव्हा सामान हलवताना तो स्टुडिओत नेला, तर तिथला माणूस म्हणाला, "आजी, सोडवायला जाऊ नका, काचेसकट ठेवून जा." मला वाटलं, आपण काय कमी फडकी मारलीत आयुष्यात. घरी आणला, ओल्या फडक्याने हळूहळू सोडवला. सुटला. लुगड्याचा काठ कागदावर राहिला आणि तोंड काचेवर, तेही जळलेल्या सायीसारखं. मुलाने सगळीकडे शोधलं. त्याच्याच लग्नाच्या एका फोटोत मागे भिंतीवर तू आहेस, पण फ्लॅशचा उजेड नेमका काचेवर, तोंडाच्या जागी पांढरा गोळा. मग त्याने फोनमध्ये काहीतरी करून त्या उरलेल्या काठावरून तोंड तयार करून आणलं. गोरीपान बाई, भुवया कोरलेल्या, मालिकेतल्या सासूसारखी. मी म्हटलं, बाबा, ही आपल्या घरची नाही, हिला परत पाठव.

तू म्हणशील, साठ वर्षं फोटो भिंतीवर होता, तो बघून तोंड पाठ नाही झालं? नाही झालं गं. भिंतीवरच्या माणसाकडे रोज कोण बघतं. हार बदलायला स्टुलावर चढायचे, तेव्हा लक्ष हाराकडे आणि खिळ्याकडे.

तर माझी नात चित्रं काढते. नववीत आहे. नुसतं बसल्याबसल्या माझं चित्र काढलं होतं हिने, निवडत असलेल्या भाजीसकट, आणि मेथीचं पान न पान ओळखू येत होतं. तिनेच म्हटलं, "आजी, तू सांग, मी काढते. पोलिसात नाही का काढत?" मी सांगत गेले, तिने पेन्सिलीने तुझं तोंड काढलं. ते या दोघींपुढे धरलं, तर काकी चष्मा वर करून म्हणते, "ही कोण गो?"

"आमची आई."

"नाक असं कुठे होतं वहिनीचं? हे तुझं नाक."

आक्का म्हणाली, "नाक बरोबर आहे. कपाळ लहान हवं. आणि गोंदण कुठाय? कपाळावर होतं ना."

"हनुवटीवर," काकी म्हणाली.

"कपाळावर, काकी. मी रोज समोर बसायचे."

"तू पाठ करून बसायचीस, वेणी घालायला. मी एका ताटात जेवलेय तिच्या."

नात बिचारी खोडतेय, काढतेय, खोडतेय, काढतेय. हनुवटीवर गोंदण आलं, पुसलं, कपाळावर आलं. रबराचा भुगा घावण्यांच्या ताटलीत. शेवटी ती म्हणाली, "आता बास, कागदाला लव आली. आणखी घासलं तर भोक पडेल. पेनाने आउटलाइन करते, मग रंग लावते." काकीने विचारलं, पेनाने केल्यावर मग बदलता येतं का. नात म्हणाली, नाही, पेन म्हणजे फायनल. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. काकी म्हणाली, "लेक तू आहेस. तू सांग, गोंदण कुठे?" मी म्हटलं, पेन आणू दे आधी.

पेनाचं नाव निघालं आणि मला आपली खोली दिसली. तू चुलीकडे पाठ करून बसलेली आहेस. पुढे गोणपाट, गोणपाटावर निळ्या नळ्यांचा ढीग, टोपणांचा ढीग, रिफिलींची जुडी. कारखान्यातून सुटे भाग यायचे आणि चाळीतल्या निम्म्या बायका पेनं जुळवायच्या. तुला अक्षर येत नव्हतं, पण चालत्या पेनाची पारख तुझ्याइतकी कुणाला नव्हती. प्रत्येक पेन रद्दी कागदावर गरगर फिरवायचीस, गोल गोल गोल, आणि रेघ कुठे तुटली की न बघता बाजूला टाकायचीस. मी विचारलं होतं, न बघता कसं कळतं, तर म्हणालीस, "बोटाक कळता." तुझ्या मधल्या बोटाला कायम निळा डाग. भाकरी थापायचीस तेव्हा मला भीती, भाकरी निळी होईल.

त्यातलंच एक पेन मी शाळेत नेलं होतं. चांगल्यातलं. तिसरीत होते, सगळ्यांकडे बोरू आणि टाक, माझ्याकडे बॉलपेन, केवढा रुबाब. घरी आले तर तू दारातच. "ह्या पेन खयसून हाडलंस?" कुठून आणलं ते सांगायच्या आत कानाखाली. मोजून दिलेला माल, एक कमी म्हणजे उद्यापासून काम बंद, हे मला काय ठाऊक. मी रडत माळ्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी शाळेत निघाले तर दप्तरात एक पेन. तुटक्या रेघेच्या ढिगातलं. आदल्या रात्री मी माळ्यावरून बघितलं होतं, तू ते दोन्ही तळव्यांत धरून, रवी फिरवतात तसं चोळून चोळून गरम केलंस, कागदावर फिरवलंस, पुन्हा चोळलंस, तेव्हा ते चालायला लागलं. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तू गेलीस आणि माझी शाळा सुटली, तान्ह्या धाकट्या भावाला सांभाळायला कोण होतं. हे पत्र लिहितेय ते त्या तीन यत्तांवर. वेलांट्या चुकल्या तर तुला कुठे कळणार आहे.

तर आम्ही दोघी पेन बघायला निघालो, मी आणि नात. तिच्या चित्रकलेच्या बाईंनी एक सेट सांगितला होता, परदेशी, बारीक टोकांचा. दुकानदाराने काचेतून काढला, मी किंमत बघितली आणि परत काचेत ठेवायला लावला. एवढ्यात आमची महिन्याची भाजी येते. नात लगेच म्हणाली, "नको आजी, साधं पण चालेल. फक्त पाणी लागून फुटायला नको. वरून रंगाचा ब्रश फिरणार ना." मग मी माझी विद्या बाहेर काढली. दुकानात रद्दी कागद मागितला, रेघ मारली, दहा आकडे मोजले, बोट ओलं केलं आणि वरून फिरवलं. जेल पेन लगेच पसरलं, काजळ रडल्यासारखं. साधं बॉलपेन पसरलं नाही, पण सुरुवातीलाच थेंब टाकलान आणि कागदाला चर पाडली. डब्यांवर नावं टाकतात ते मार्कर पाण्याला दाद देईना, पण एवढं जाड की डोळ्याची पापणी म्हणजे दोरखंड. दुकानदार गुजराती, चांगला माणूस, तो हसायला लागला. "आजी, तुम्ही तर लॅबवाल्यासारखं टेस्ट करता." नात म्हणाली, "आमच्या खापरपणजीची, नाही, पणजीची कंपनी होती पेनांची." मी एवढी हसले की स्टुलावर बसावं लागलं. तुझी कंपनी, आये. गोणपाटावरची.

मग त्याने खालच्या खणातून एक काढलं. काळं, बारीक, सुटं मिळणारं, इथलंच, सेटमधल्या एकाच्या पाव किमतीचं. रेघ मारली, मोजले, ओलं बोट फिरवलं. रेघ हलली नाही. गरगर फिरवलं, कुठे तुटली नाही. बोटालाच कळलं. नात म्हणाली, "झालं, हेच." आणि मी म्हटलं, "जाड वाटतंय." तिने बारीक नंबर मागितला. मी म्हटलं, हे फारच बारीक, भिंतीवर लांबून दिसायचं नाही. मग पार्ल्याला गेलो. तिथे मोठं दुकान आहे, कॉलेजच्या मुलांचं. तिथेही तेच पेन. मी म्हटलं, याची शाई तपकिरीवर जाते. परत येताना बसमध्ये नात म्हणाली, "आजी, मागच्या दुकानात तूच म्हणालीस ना, शाई काळी कुळकुळीत आहे म्हणून." मी म्हटलं, उन्हात वेगळं दिसतं.

ती हुशार आहे. घरी आल्यावर भात ढवळत होते तर जवळ येऊन उभी राहिली. "तुला काय काय आठवतं तिचं?" मी सांगितलं. हात आठवतात. मधलं बोट, नखाची कड, मनगटावर तव्याचा चटका. मानेवरचा अंबाडा आठवतो, त्यातून सुटलेली एक बट. वाकलेली पाठ, पोलक्याला उसवलेली शिवण. तू सारखी खाली बघत असायचीस ना गं. आणि वर बघायचीस तेव्हा मी खाली बघायचे, कारण तू तेव्हा रागावलेली असायचीस. नात म्हणाली, "मग हात काढूया ना. पेन जुळवणारे." मला आवडलं ते, खरं सांगते. पण काकी काय म्हणेल ते मला आधीच ऐकू आलं: हाताला काय हार घालतात गो?

नवमीचं आहे ना सगळं. तू सवाष्ण गेलीस, म्हणून तुझं पान पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला. दरवर्षी तुझ्या फोटोपुढे ठेवते. यंदा भिंतीवर खिळा तेवढा आहे.

आता जे पेन्सिलीत आहे ते टेबलावर पाटाखाली दाबून ठेवलंय. सकाळी सगळे गेले की काढून बघते. एखाद्या दिवशी कडेने बघितलं की वाटतं, हीच. दुसऱ्या दिवशी वाटतं, ही काकीने सांगितलेली बाई, तिच्या कपाळावर आक्काचं गोंदण. चौतीसची तू, माझ्या सुनेहून लहान, आणि मी अडुसष्टची म्हातारी तुझ्याकडे बघत बसते, ओळख दे म्हणून. नात फक्त एक हो मागतेय. तू हो म्हण आजी, मी काढते. मी हो म्हटलं की काळी रेघ पडेल, आणि मग माझ्यामागे या घरात सगळ्यांना तू म्हणजे तीच. पुढे तिची मुलं तिलाच हात जोडतील.

हे पत्र घड्या घालून कपाटातल्या लुगड्यात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवू. पण एक तुला सांगायला हवं. परवा मी एकटी त्या गुजराती दुकानात गेले आणि ते पेन घेऊन आले. पोह्यांच्या डब्यामागे ठेवलंय. नातीने पेन आणलंस का विचारलं तर म्हटलं, दुकान बंद होतं. तिने मान डोलावली आणि अभ्यासाला बसली, आणि त्या दुकानाला सुट्टी कधी असते हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

काकी आणि आक्का नवमीला येतो म्हणाल्यात, सकाळीच. सोमवारी आहे.