कलचाचणीचा उशिरा लागलेला निकाल

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, संध्याकाळ

ती. नवनाथमामांस,

स्नेहलचा येवल्याकडे तोंड करून वाकून नमस्कार. (दिशा नकाशात पाहून घेतली आहे. पहिला नमस्कार मी गोठ्याकडे तोंड करून घातला होता, तो त्र्यंबकेश्वराच्या बाजूला गेला. अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर उतरली का, आणि त्या चहात चोरून घालतात ती धरून मोजली का? आमच्याकडे सगळे बरे. अण्णांच्या गुलाबावर भुरी आली आहे, आईच्या रागावर औषध नाही, बाकी ठीक. येत्या रविवारी तुम्ही पीएसआय कुंदनरावांना मला बघायला घेऊन येणार आहात, त्याआधी हे तुमच्या हातात पडावं म्हणून घाईघाईत लिहिते आहे. (घाई किती ते पानं पाहून कळेलच.) व्हॉट्सअपवर लिहिलं असतं, पण मागे मी तुम्हाला एकटीने पाठवलेला माझ्या दातदुखीचा मेसेज तुम्ही वर 'शुभ सकाळ' घालून सगळ्या भावकीत वाटला होता. शिवाय महत्त्वाचं असेल ते लेखी द्यावं, ही शिकवण तुमचीच.

तर मुद्दा असा की माझा निकाल लागला आहे. कुठला, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. दहावीला मी तुमच्याकडे येवल्याला होते आणि शाळेत तुम्हीच आमचे वर्गशिक्षक. (त्या वर्षी मी घरी जेवताना 'सर, भाजी' म्हणाले आणि वर्गाच्या दारात 'मामा, आत येऊ का?' पोरं अजून चिडवतात.) तेव्हा दहावीच्या सगळ्या मुलांची कलचाचणी झाली होती, आठवतं? पोराचा कल शेतीकडे आहे, कलेकडे आहे की व्यापाराकडे, ते पाहायची ती परीक्षा. पेपर वाटताना तुम्ही जे बोललात ते मला अजून पाठ आहे. घाबरू नका रे, यात चूक-बरोबर काही नसतं, मनात येईल तिथे खूण करा, या परीक्षेत नापास कोणी होत नाही. (मागच्या बाकावरचा सार्थक म्हणाला होता, मग सगळ्याच परीक्षा अशा घ्या ना सर.) मी मनात येईल तिथे खुणा केल्या आणि माझा कल निघाला 'गणवेशधारी सेवा'. तुम्ही शाळेत पेढे वाटले, अण्णांना फोन करून पोरगी फौजदार होणार म्हणून सांगितलंत, आणि अण्णांनी दुसऱ्या दिवसापासून मला झेंडूच्या वाफ्यांमधल्या बांधावर पळायला लावलं.

पुढचं पोलीस भरतीचं प्रकरण तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच. मी आठशे मीटरमध्ये गेले हे खरं, पण पायात गोळा आला म्हणून गेले हे खोटं. झालं असं की सुरुवातीच्या रेषेपाशी शिट्टी घेऊन एक मॅडम उभ्या होत्या. कडक इस्त्री, टोपी जराशी तिरकी, आणि शिट्टी ओठात धरून त्या हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. शिट्टी वाजली, बाकीच्या पोरी पळाल्या, आणि मी तिथेच. मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "अगं, तुला वेगळं निमंत्रण पाहिजे का?" तेव्हा पळाले, पण पहिल्या पोरी तोवर वळणावर पोचल्या होत्या. घरी येऊन मी गोळ्याची गोष्ट रचली. आई आठ दिवस रोज रात्री माझी पोटरी तेलाने चोळत होती, आणि पाय दुखत नसताना चोळून घेणं किती अवघड असतं ते मला विचारा.

मग सिन्नरच्या कारखान्यात नोकरी लागली. माझं काम मालाची तपासणी करायचं. सरकत्या पट्टीवरून सुटे भाग येतात, त्यातला वाकडा उचलून बाजूला ठेवायचा. (घरी सगळ्यांना वाटतं मी काहीतरी बनवते. मी काही बनवत नाही मामा, मी फक्त नावं ठेवते.) रोज महामार्ग स्टँडवरून सिन्नरची एसटी. आणि तिथे पहिल्याच महिन्यात सव्वासातच्या गाडीला निकिता आली. कंडक्टर. खाकी पंजाबी ड्रेस, खांद्याला बॅग, हातात तिकिटाचं मशीन, आणि गर्दीतून अशी वाट काढते की कुणाचा पाय तुडवला जात नाही आणि कुणी फुकट उभंही राहत नाही. माझ्याकडे महिन्याचा पास होता. आता पासवाल्याचं असं असतं की कंडक्टर पास बघते, मान हलवते आणि पुढे जाते. संपलं. तिकिटवाल्याशी मात्र कुठे जायचं, किती जण, सुट्टे आहेत का, अशी बरीच बोलणी होतात. म्हणून मी पास पर्सच्या तळाशी ठेवून रोज तिकीट काढू लागले. तेही कधी शंभराची नोट देऊन, म्हणजे उरलेले पैसे घ्यायला ती पुन्हा येईल.

हे दोन महिने बिनबोभाट चाललं. एके दिवशी शिंदे गावापाशी तपासणीवाले चढले. माझं तिकीट बघितलं, ठीक. पण पर्समधून पेन काढताना पास त्यांच्यातल्या थोरल्या साहेबांच्या बुटावर पडला. त्यांनी उचलला, तारीख बघितली, तिकीट बघितलं, परत पास बघितला. बिनतिकीट माणूस त्यांनी जन्मभर पकडला, पण दोनदा तिकीट असलेला त्यांच्या समोर कधी आलाच नव्हता. दोघा साहेबांनी बाजूला होऊन चर्चा केली. नियमांची वही उघडली. वहीत काहीच नव्हतं. अख्खी गाडी मान वळवून बघते आहे, एक म्हातारे बाबा (टोपलीत मेथी, चेहऱ्यावर न्यायाधीश) म्हणाले, "पोरगी सरकारला मदत करती, सोडा तिला." साहेबांनी सोडलं. मी तोंड खिडकीबाहेर काढून सिन्नरपर्यंत शेतं बघितली, एकही दिसलं नाही. उतरताना निकिता दारात उभी होती. हळूच म्हणाली, "उद्यापासून पासच दाखव. माझ्याशी बोलायला तिकीट लागत नाय." मामा, त्या दिवशी मी पट्टीवरचा एकही वाकडा भाग उचलला नाही. सगळेच सरळ दिसत होते.

तरी अजून मला कळलं नव्हतं बरं का. (तुम्ही म्हणाल, हिला तपासणी खात्यात घेतलं कसं.) मला वाटलं, मैत्रीण म्हणून आवडते. मग एका पहाटे गुलाबाच्या जुड्या बांधताना रद्दीच्या पुरवणीत प्रश्नोत्तराचं सदर दिसलं. कुणीतरी विचारलं होतं, माझा लैंगिक कल कोणता हे मला कसं ओळखता येईल? कल! मी जागीच बसले, काट्यांवर. उत्तर वाचायला पान उलटते तर आईने ते पान टराटरा फाडून जुडीला गुंडाळलं आणि अण्णा जुड्या घेऊन निघूनही गेले. म्हणजे प्रश्न आमच्या घरी राहिला आणि उत्तर फुलबाजारात गेलं. कुणाच्या तरी लग्नात त्या गुलाबांसकट ते उत्तर वाजतगाजत गेलं असेल, आणि मी इकडे कात्री हातात घेऊन बसलेली.

मग ठरवलं, आपली तपासणी आपणच करावी. आमच्या कारखान्यात पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. शंका पहिली, दोष गणवेशाचा आहे का? म्हणून आठवडाभर गणवेशातले पुरुष बघितले. पोस्टमन बघितले. कारखान्याचा वॉचमन बघितला, त्याने विचारलं काय हरवलंय का. वरातीतला बँडवाला बघितला (लाल कोट, सोनेरी झालर, गणवेशाच्या बाबतीत त्याच्यापुढे कुणी नाही), तर त्याने खूश होऊन माझ्या कानाजवळ ट्रम्पेट वाजवलं. सव्वासातची सोडून पावणेआठच्या गाडीला गोटीराम कंडक्टर असतात, त्यांच्याकडेही सिन्नरपर्यंत एकटक बघितलं. गोटीरामांनी घाबरून मला पुढच्या सीटवर बसवलं आणि उलटी होतेय का म्हणून पिशवी दिली. निकाल शून्य.

शंका दुसरी, गणवेश नसलेली निकिता. तिला सुट्टीच्या दिवशी मिसळ खायला बोलावलं. ती पिवळा ड्रेस घालून आली, बॅग नाही, मशीन नाही, आणि तर्रीने डोळ्यांत पाणी आलं तरी अजून एक पाव मागवला. मामा, निकाल तोच. उलट थोडा वाढलाच. मग मी तिला हे सगळं सांगितलं, कलचाचणी, शिट्टी, गुलाबाची जुडी. ती इतकी हसली की ताक नाकात गेलं. हसणं थांबल्यावर म्हणाली, तिच्यापण शाळेत झाली होती चाचणी, तिचा कल निघाला होता शेती, आणि ती आजवर म्हणत होती की ते साफ चुकलं, तिच्याच्याने कुंडीतली तुळस जगत नाही. मग तिने विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हटलं, फुलशेती. त्यावर तिने तिच्या ताटलीतला अर्धा पाव उचलून माझ्या ताटलीत ठेवला. तेव्हा मामा, सरकारी चाचणीला कुणी नावं ठेवली तर मी ऐकून घेणार नाही.

आता सरळ लिहिते, कारण तिरकं लिहून पाच पानं झाली. मला मुलगे आवडत नाहीत, मुली आवडतात. त्यातही एक. हे फॅड नाही, शहराचं वारं नाही (मखमलाबादला वारं येतं ते शेणखताचं), आणि कुणी बिघडवलेलं नाही. दहावीच्या खुणांमध्येसुद्धा हेच होतं, आपण दोघांनी रकाना चुकीचा वाचला. मी इतकं हसत लिहिते आहे ते भीती वाटते म्हणून. आई बोलायची बंद होईल याची वाटते, आणि तुम्ही मला हाक मारताना एक क्षण थांबाल, याची त्याहून जास्त वाटते. मोठ्यांना नमस्कार, मामींना विशेष.

तुमची भाची आणि माजी विद्यार्थिनी (हजेरी क्रमांक ३७),
स्नेहल

ता. क. खरं काम राहिलंच. कुंदनरावांना रविवारी आणू नका. माणूस चांगला असेल, गणवेशही चांगला असेल, माझ्या कलाप्रमाणेच तुम्ही शोधलात हेही कळतं. पण त्यांना पोहे खायला घालून फसवणं बरं नव्हे. एकटे या, आणि आईला तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकते. फक्त ती जुड्या बांधत असताना सांगू नका, हातात कात्री असते.

ता. क. २. उत्तराला वेळ लागू नये म्हणून पोस्टकार्ड सोबत घातलं आहे. योग्य पर्यायापुढे खूण करावी. (अ) मी तुझ्या बाजूने आहे. (ब) मी तुझ्या बाजूने आहे, पण चार दिवस फोन करू नकोस. (क) मामीला विचारून सांगतो. सर, घाबरू नका, यात चूक-बरोबर काही नसतं.

ता. क. ३. दादा, ही मी लिहिते, तुझी बहीण. घरातला डिंक संपला म्हणून पाकीट भाताच्या शितानं चिकटवायला घेतलं, आन वाचलं. हिच्या धुण्यात तिकिटं सापडत व्हती तवाच मला वाटलं, पास असून ही तिकीट का काढती. म्हटलं कंडक्टर पोरगा असंल, आपल्यातला हाय का बघून यावं. हिच्या सुट्टीच्या दिवशी, हिला न सांगता मी त्याच गाडीनं सिन्नरपर्यंत जाऊन आले. कंडक्टर बाई निघाली, तवा मी निवांत झाले! आता कळतंय मी किती शहाणी. पोरगी चांगली हाय, मला उठून खिडकीची जागा करून दिली तिनं. पण दादा, मला लय रडू येतंय. दोन दिवस रडणार हाय, बुधवारी झेंडूची तोडणी हाय म्हणून तवर आवरीन. त्या फौजदाराला नाय म्हणून कळव, अण्णांचं मी बघते. पोटरी आठ दिवस चोळली त्याचं तिला वेगळं विचारणार हाय. आन त्या परीक्षेत नापास कोणी होत नाय, असं तू पोरांना म्हणला व्हतास ना? ते आईला बी लागू हाय का, तेवढं कार्डावर लिही.