पाया पक्का होईपर्यंत

३ जून
इतिहासात बी.ए. झालो. पन्नाशीला टेकलेल्या शिंप्याकडून हे घडलं, देवाची कृपा. रात्रवर्गाच्या मॅडम म्हणाल्या, काका, आता एम.ए. करा, जागा राखून ठेवली आहे, पंधरापर्यंत कळवा. तिथे सेमिनार असतो म्हणे. वर्गापुढे उभं राहून पाच मिनिटं बोलायचं.
विचार करायला हवा. सेमिनारचा असं नाही, एकंदरीतच.

४ जून
विचार झाला. एम.ए. पुढे ढकलून आधी तत्त्वज्ञानाचा दुसरा मेजर, म्हणजे बी.ए.लाच आणखी एक मुख्य विषय, करावा. पाया पक्का हवा. चारचौघांत उभा राहिलो की माझे पाय लटपटतात, पण त्याचा इथे संबंध नाही. ते गावच्या शाळेपासूनचं आहे. गुडघ्यांचं काहीतरी असावं.

६ जून
बायकोला सांगितलं. ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, वकीलसाहेबांच्या कोटाचंही तुमचं हेच चाललंय.
कोटाचं वेगळं. कापड भारी आहे. खडूच्या खुणा पुन्हा पुन्हा पाहूनच कात्री लावावी. कापलेलं परत अखंड होत नाही. हा विचार तत्त्वज्ञानातलाच वाटतो. म्हणजे अभ्यासाला सुरुवात झालीच.

९ जून
आंघोळ करून देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. एम.ए. आलं. दिवा नीट पेटला नव्हता. वात सारून पुन्हा टाकल्या. एम.ए.
देव माझ्या निश्चयाची परीक्षा पाहतो आहे. मी ठाम आहे.

१२ जून
मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही घाबरलाय. मी हसलो. मग म्हणाली, तत्त्वज्ञान झाल्यावर काय, भूगोल?
भूगोल मला सुचला नव्हता. पोरगी हुशार आहे.

१५ जून, सकाळ
मॅडमना फोनवर नकार कळवला. म्हणाल्या, नक्की ना काका? मागे एक मुलगी थांबली आहे, तिला जागा देऊन टाकते. म्हणालो, अवश्य द्या. आवाज खणखणीत लागला होता. बसून बोलत होतो.

१७ जून, दुपार
तत्त्वज्ञानाच्या सरांना भेटलो. भला माणूस. निघताना म्हणाले, आमच्याकडे घोकंपट्टी नाही, सगळी चर्चा. रोज एकाने उभं राहून विषय मांडायचा. पंधरा मिनिटं तरी.
बाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्या मुलीने कालच प्रवेश घेतला.

१७ जून, संध्याकाळ
दुकानात वकीलसाहेब कोटाची चौकशी करायला आले होते. बायकोने विचारलं, काय म्हणाले सर? मी कात्री हातात धरून सांगू लागलो. आधी पाया म्हणजे काय ते सांगितलं. मग इतिहास, तत्त्वज्ञान, घाईने होणारं माणसाचं नुकसान. वकीलसाहेब स्टुलावर बसले. बटणं घ्यायला आलेल्या दोघी दारातच थांबल्या. बायकोने मध्येच पाणी दिलं, ते पिऊन पुढे चालू केलं.
थांबलो तेव्हा अंधारून आलं होतं. मुलीने दिवा लावला. म्हणाली, बाबा, मघापासून उभे आहात.
खाली पाहिलं. गुडघे शांत होते.
वकीलसाहेब म्हणाले, बोलता फार छान. आणि कापड घेऊन गेले.