आईचे कान

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (कागदावर आहे म्हणून जमला, प्रत्यक्षात गुडघा वाकत नाही.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला? वर्षभर तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. फोन ठेवून देता येतो, पत्र निदान एकदा वाचावं लागतं.

निवृत्त माणसाने काहीतरी शिकावं असं हिचं मत पडलं (हिला घरात शांतता हवी होती), म्हणून मी शिल्पकलेच्या वर्गाला जाऊ लागलो आणि आईचा चेहरा करायला घेतला. सर म्हणाले, नवशिक्याने तेलाची माती घ्यावी. ती वाळत नाही, तिला भेगा पडत नाहीत, चुकलं तर महिन्याने दुरुस्त करा. मला हे फारच मानवलं. मेण वितळवायचं, त्यात तेल आणि खडूची पूड घालून मळायचं, एवढंच. पहिल्या खेपेला तेल सढळ हाताने ओतलं. माती अशी चिकटली की दाराची कडी, माझा चष्मा, हिची उशी, सगळीकडे आई पोचली. दुसऱ्या खेपेला मेण जास्त झालं, मग ढेकूळ फोडायला हातोडी घेतली. (हिचं दुधाचं पातेलं कामी आलं, म्हणजे कामातून गेलं.) तिसऱ्यांदा माती जमली, पण आत तारेचा सांगाडा घालायचा राहिला. दुपारच्या उन्हात मान बसत बसत हनुवटी छातीला टेकली. जन्मात कुणापुढे मान खाली न घातलेली आपली आई माझ्या टेबलावर खाली मान घालून बसली. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

सांगाडा घालून पुन्हा केली. नाक, कपाळ, ओठ जमले, घोडं अडलं ते कानांपाशी. सगळ्या फोटोंत ते केसांखाली झाकलेत. शेवटच्या आठवड्यात तिच्या कानाशी तू होतीस. मला तीनदा फोन केलास, आणि तिन्ही वेळा मी ‘रविवारी येतो’ म्हणालो. (ऑफिसात असं काय काम होतं, ते आज आठवतही नाही.) ती शनिवारीच गेली. वर मी तुलाच सुनावलं, की नीट सांगितलं असतंस तर आलो असतो. तू नीटच सांगितलं होतंस, ताई. ऐकणारा मी होतो.

तर आईच्या कानाची पाळी केवढी, वरची कड किती वळलेली, एवढं सवडीने कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. हिचं म्हणणं, चेहरा हुबेहूब आलाय, फक्त आई माझ्याकडे बघत नाहीये.

आणखी एक ता. क. कान कधीच झालेत. आरशात बघून केले; माझे कान आईवर गेलेत, हे तुला माझ्याआधी ठाऊक आहे. मापं पाठवू नकोस. माझे कान उपटायला ये.