ईस्टरपर्यंत एक शार्क

सोमवार, ९ जानेवारी
सकाळी ५.०० : उठायचं ठरलं होतं.
८.४० : उठलो. दाट धुकं. धुक्यात शार्क किनाऱ्याला येत नाहीत, तेव्हा काही बुडालं नाही. शेजारच्या इसाक गाओसेबला हे सांगितलं. तो म्हणाला, "बेरेंडकाका, शार्कला कसलं धुकं? तो पाण्यात असतो." इसाक पूर्वी रेल्वेत फिटर होता, आता आमच्या या किनाऱ्यावरच्या गावच्या, हेंटीस बेच्या, गळ-क्लबचा सेक्रेटरी. माणूस भला, पण खोलात जाऊन विचार करायची सवय नाही.
तीस वर्षं तिकडे राजधानीत, विंडहुकात, फ्रिज दुरुस्त केले. एका स्क्रू-ड्रायव्हरवर दुकान उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं : रिटायर झालो की हेंटीस बे, समुद्र आणि शार्क. निरोपाला कामगारांनी वर्गणी काढून हा गळाचा भलामोठा रॉड दिला. आता माघार नाही. तशी इच्छाही नाही. समुद्र माझ्या रक्तातच आहे. जन्म वाळवंटाच्या कडेला झाला, पण जन्म वेगळा, रक्त वेगळं.
संकल्प : उद्यापासून रोज पाचला.

शनिवार, १४ जानेवारी
संकल्प आजपासून.
किनाऱ्यावर जाताना, गाडी रुतू नये म्हणून करतात तशी टायरमधली हवा कमी केली नाही. ते नवशिक्यांचं काम. गाडी दारापर्यंत वाळूत. इसाकने दोर बांधून ओढून काढली. क्लबच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनमिळाऊ मंडळी.
गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागतं. पाणी बर्फातून थेट काढल्यासारखं. मला थंडी वाजत नाही. दोन स्वेटर घातले ते हेस्टरला बरं वाटावं म्हणून. बायकोचं मन राखावं लागतं. थोड्या वेळाने पाय आहेत की नाहीत ते कळेना, ही उलट सोयच.
शार्क : नाही.

रविवार, २२ जानेवारी
दुपारी अंगणात मटण भाजत होतो. हेस्टर एकदम बोलायला लागली. तिची लिंबाची झाडं, तिचं ऊन, तिच्या मैत्रिणी, सगळं सोडून ती इथे धुकं खायला आली, ती कशासाठी? माझ्या शार्कसाठी. मग शार्क कुठे आहे? मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "तो काय पोस्टाने येणारेय?"
शेवटी तिने फैसला केला. ईस्टरच्या सोमवारपर्यंत एक शार्क. एकच. मिळाला तर ती जन्मात विंडहुकचं नाव काढणार नाही. नाही मिळाला तर मी मुकाट्याने सामान बांधायचं आणि रिनेटच्या मागच्या घरात राहायला जायचं. (रिनेट आमची लेक. जावई कोबस दातांचा डॉक्टर. त्यांच्या आवारात मागे दोन खोल्या रिकाम्या पडून आहेत.)
मी मोठ्या मनाने शब्द दिला. बिचारी. हरणार.
भिंतीपलीकडून इसाक ओरडला, "काका, शब्द दिलात हं! मी ऐकलंय!" म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने ऐकलं.

शनिवार, ४ फेब्रुवारी
आज एक लागला!
म्हणजे रॉडवरचं दोरीचं रीळ किंचाळलं. मी नेमका त्या वेळी गाडीत बसून हीटर नीट चालतोय का ते पाहत होतो. पोचेपर्यंत शार्क सगळी दोरी घेऊन गेला. इसाक म्हणाला, "काका, रॉड हातात धरायचा असतो." हे तंत्रातले मतभेद आहेत. त्यात मी पडत नाही.

शनिवार, ११ फेब्रुवारी
दाढ ठणकते. थंड वाऱ्याचा काही संबंध नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी
विंडहुक. कोबसने दाढ कोरली. दुपारी मागच्या घरात जरा पडलो. खिडकीतून ऊन थेट पोटावर. जाग आली तेव्हा रिनेट चहा घेऊन उभी होती. पाय गरम! दोन्ही!
हेस्टरला इथे किती बरं वाटेल, या विचाराने डोळे भरून आले.
केवळ तिच्यासाठी भिंतींची मापं घेतली. पलंग खिडकीशी. व्हरांड्यात आरामखुर्ची. एकच मावते. हेस्टरला नाहीतरी स्वस्थ बसायला आवडत नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी
विचार केला. पुरुषाने किती स्वार्थी असावं? आपल्या हौसेपायी बायकोला थंडीत कुजत ठेवायचं? मी शार्क पकडीन, यात मला शंका नाही. प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की प्रेमापुढे शार्क तो काय!
अर्थात फसवाफसवी करणार नाही. दर शनिवारी जाणार. फक्त दयेने मासेमारी करणार. पकडलेला शार्क क्लबच्या नियमाप्रमाणे परत सोडूनच द्यायचा असतो, मग त्या मुक्या जिवाला टोचायचं कशाला? कानस घेऊन गळाचं टोक घासलं. आता तो गळ लहान बाळाच्या हातात द्यावा.

शनिवार, ११ मार्च
आमिष : बांगड्याचा एक तुकडा, नखाएवढा. शार्कांनीसुद्धा बेताने खावं. इसाक वाकून बघून गेला. म्हणाला, "काका, याला शार्क येणार नाही. फार तर मांजर येईल."
मांजर आलं नाही. कोल्हा आला, डबा घेऊन गेला.
शार्क : नाही. मन शांत.

बुधवार, २२ मार्च
हेस्टरची काळजी वाटते. दिवसभर गुणगुणत असते. मागच्या भिंतीच्या आडोशाला टोमॅटो लावलेत. इसाकच्या बायकोबरोबर भिंतीवर बसून मोठमोठ्याने हसते. चर्चच्या गाण्यात भाग घेतलाय. इसाककडून आमिष कापायला शिकली. गाल लाल झालेत. दुःख लपवायची एकेकाची तऱ्हा असते.
तिला धीर द्यावा म्हणून म्हटलं, आता थोडेच दिवस, ईस्टर झालं की सुटका. ती गप्प झाली. आनंद पचायला वेळ लागतो.
मग म्हणाली, तुझा गळ दाखव बरं. दाखवला. तिने टोकावरून अंगठा फिरवला. तिला त्यातलं काय कळतंय!

शुक्रवार, ७ एप्रिल. गुड फ्रायडे
रिनेटला फोन करून मागच्या घराला पिवळा रंग द्यायला सांगितलं. फक्त हेस्टरला आवडतो म्हणून. (हेस्टरला निळा आवडतो. पण पिवळा उबदार.)
हेस्टर म्हणते, सोमवारी ती पट्टा धरायला येणार. मोठा शार्क ओढायला लागला की माणूस लाटेत जाऊ नये म्हणून एक जण मागून त्याचा कमरेचा पट्टा धरून उभा राहतो. मी म्हटलं, कशाला उगीच गारठ्यात? म्हणाली, शेवटचा दिवस आहे, तुझ्या पाठीशी उभी राहते. गहिवरलो.

सोमवार, १० एप्रिल. ईस्टर
संध्याकाळी लिहितोय. हात भरून आलेत, अक्षर सांभाळून घ्यावं. (कोणी घ्यावं? मीच.)
सकाळी सगळा क्लब किनाऱ्यावर. शेगड्या, मटण, बायकामुलं. मी गळ टाकला आणि निरोपाच्या विचारांनी भारावून क्षणभर गाडीत जाऊन बसलो. डोळे मिटलेले होते. झोप नव्हती. काचेवर टकटक. हेस्टर. "ऊठ. रॉड धर."
रॉड हातात घेतला तर जड. ओढून पाहिलं तर दोरीच्या टोकाला बोई माशाचं अख्खं डोकं, आणि चकचकीत गळ. मी म्हटलं, हा माझा गळ नाही. ती म्हणाली, "तुझाच आहे. फक्त टोक असलेला." आणि इसाकने रॉड माझ्या हातातून घेऊन गळ लांब समुद्रात फेकला. रॉड परत माझ्या हातात.
मी देवाला आठवलं. देवाचं लक्ष दुसरीकडे असावं.
रीळ किंचाळलं. पुढून शार्क ओढतोय, मागून हेस्टर. मध्ये मी. दोरी निसटावी म्हणून मी रिळाचा ब्रेक पार सैल सोडला. इसाक ओरडला, "वा काका! पळू द्या त्याला, दमू द्या!" मग दोरी तुटावी म्हणून ब्रेक करकचून आवळला. "वा काका! बरोबर, आता आवळा!" पाय घसरल्याचं निमित्त करून मी वाळूत बसकण मारली. "शाब्बास, बसून ताकद लावा!" आयुष्यात माझं इतकं काही बरोबर आलं नव्हतं.
बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळून वाट करून दिली. शार्क किनाऱ्याने चालला, त्याच्यामागे मी, माझ्यामागे हेस्टर, तिच्यामागे गाव. मी मान वळवून हळूच विचारलं, हाताला कळ लागलीय, सुटला तर? हेस्टर कानाशी म्हणाली, "तू रॉड सोडलास, की मी पट्टा सोडला."
लाटा बऱ्याच मोठ्या होत्या.
शेवटी आला. आडव्या फ्रिजएवढा, मोठं मॉडेल, पाठ तांब्याच्या रंगाची. इसाकने गळ काढला. हेस्टर आणि मी शेजारी गुडघे टेकले, फोटो. मी त्याच्या डोळ्यात पाहिलं. दोघांनाही घरी जायचं होतं. त्याला सोडलं.
लोकांनी मला खांद्यावर घेतलं. हेस्टरने सगळ्यांदेखत मुका घेतला. म्हणाली, "जिंकलास. शब्द म्हणजे शब्द. आता जन्मात विंडहुकचं नाव काढणार नाही." तिचे डोळे भरून आले होते. हरण्याचं दुःख असणार.
मी म्हटलं, हवं तर मी तुला शब्दातून मोकळं करतो, मी काही हट्टी माणूस नाही. ती म्हणाली, "छे! तुझं स्वप्न मी मोडू?"

मंगळवार, ११ एप्रिल
दाढ ठणकते.

शनिवार, १५ एप्रिल
इसाक आला. क्लबने मला 'पहाट पथका'चा प्रमुख नेमलं. रोज पाचला किनाऱ्यावर, नव्या लोकांना शिकवायचं. मी म्हटलं, माझी योग्यता नाही. म्हणाला, "काका, हाच तुमचा मोठेपणा." हेस्टरने माझ्या वतीने हो म्हटलं.

बुधवार, १९ एप्रिल
पहाटे ४.५० : काल रिनेटचा फोन होता. मागचं घर कोबसच्या नर्सला भाड्याने दिलं. पिवळा रंग तिला फार आवडला. व्हरांड्यात खुर्चीही टाकली म्हणे. "बाबा, तुम्हाला काय, तुमचा समुद्र मिळाला!" मी हो म्हटलं.
अत्यंत समाधानी आहे. दोन्ही स्वेटर अजून ओले आहेत. धुकं इतकं, की अंगणातली गाडी दिसत नाही.
नुसता हॉर्न ऐकू येतोय. हेस्टर आत बसलीय.