गोणपाटाखालची जुडी

आई, ताई म्हणालीस तू मला. गंगेवर, नदीकाठच्या बुधवारच्या बाजारात, चारचौघांत, पोटच्या पोरीला. लग्नाला आठ दिवस झाले होते. परजातीतला केला म्हणून घराचं दार लावलंस ते लावलंस. मला वाटलं, बाजारात तरी शिव्या देशील, मेथीची जुडी फेकून मारशील. तू मान वर केलीस, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं बघितलंस आणि म्हणालीस, "काय देऊ, ताई?" शेजारची कांदेवाली हसली. मग मीही तुझीच पोर. म्हटलं, "एक मेथी दे, मावशी. बघून दे, मागच्या वेळी सडकी निघाली."

तेव्हाच ठरवलं, हिला सोडायची नाही. दहा वर्षं दर बुधवारी आले. अंबडवरून बस बदलून, पोरगी पोटात असताना, मग कडेवर असताना, मग बोट धरून चालायला लागली तेव्हाही. सगळ्यांना वरून चार मिरच्या, कोथिंबिरीच्या दोन काड्या घालायचीस, मला कधी नाही. मी मावशी म्हणायची आणि तुझ्या तोंडाकडे बघायची, कुठे लागतंय का. घरी गेल्यावर ती मेथी शेजारच्या शेळीला घालायची. मुद्दाम. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून आज सांगते. चौथीतून काढून मला जुड्या बांधायला तूच बसवलं होतंस ना? केळीच्या सोपटाची गाठ सैल पडली की हातावर फटका. तुझी गाठ मी झोपेतही ओळखीन. तीच गाठ सोडून तुझा पाला शेळीपुढे टाकायची.

मग दोन बुधवार तुझी जागा रिकामी. तिसऱ्या बुधवारी गोणपाटावर वहिनी बसलेली. तू गेलीस हे मला तिथे, भाजीपुढे उभी असताना कळलं. मला कळवायचं नाही असं दादाने ठरवलं होतं. वहिनीने गोणपाट उचलून खालून एक जुडी काढली. म्हणाली, "वन्सं, आई पहाटे पहिली जुडी बांधून तुमच्यासाठी खाली ठेवायच्या. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आज मी ठेवली." मी रडले नाही. राग आला, तो अजून आहे. दहा वर्षं समोर दोन हातांवर बसलीस, आणि हे मला सुनेकडून कळावं?

आता तू काय करून ठेवलंस ते ऐक. पोरीला मी कॉलेजात घातलं. माझी चौथी, तिने तरी पुढे जावं. अठरा पुरी झाली त्याच महिन्यात परीक्षा सोडून तिने घोटीच्या भातगिरणीवरच्या पोराशी कोर्टात लग्न केलं. मी स्वतः काय केलं होतं ते मला ठाऊक आहे, तू सांगू नकोस. मागच्या आठवड्यात ती दारात आली. वाळली होती. मला तिला आत घ्यायची होती गं. तोंडातून निघालं, "कोण पाहिजे, ताई?" आवाजसुद्धा तुझाच. तीही बोट धरून बाजारात हे सगळं ऐकलेली. म्हणाली, "कोणी नाही, मावशी. घर चुकलं." आणि जिना उतरून गेली. शेजारणीकडे तिने निरोप ठेवलाय, बुधवारी येते, एकदाच, पुन्हा येणार नाही.

मेथी आणून ठेवीन. निवडून, भाकरी टाकून ताट वाढीन. तेवढं मला येतं, तुलाही येत होतं. पण दार उघडल्यावर तोंडातून पहिला शब्द कोणता काढायचा, हे तू कधी शिकवलं नाहीस, आणि ते मी दुसऱ्या कोणाला विचारू?

तुला वाचता येत नव्हतं, आणि हा कागद टाकायला पेटीही नाही. पिठाच्या डब्याखाली राहील. शेळीचं मात्र खोटं लिहिलं. पहिली जुडी तेवढी तिला घातली. बाकीच्या सगळ्या मी खाल्ल्या, कोवळ्या काड्यांसकट. आता तू बोल. मंगळवारी दिवे लागायच्या आत मला उत्तर पाहिजे.